वाचनालयात राहणारे तीनशे सत्तेचाळीस

३ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर समोर वाचक उभा आहे म्हणून लगेच ठेवतेस. म्हणून हे पत्र.

तुमच्या शहराच्या वाचनालयांचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचं काम आमच्या कचेरीकडे आलं आहे. त्यातले नकाशे माझ्याकडे आहेत. वीस वर्षांत शहर जवळजवळ दुप्पट होणार. आज सहा शाखा आहेत. नव्या पाच कुठे उघडायच्या आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवायचं आहे. त्या सहांपैकी एका शाखेची ग्रंथपाल माझी सख्खी आत्या आहे, हे मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, आकडे नीट मिळतील."

पद्धत साधी आहे. प्रत्येक सभासदाच्या घरासाठी नकाशावर एक ठिपका. प्रत्येक शाखेपासून वीस मिनिटं चालत जाता येईल तेवढा भाग रंगवायचा. रंगाबाहेर जिथे ठिपके दाट, तिथे नवी शाखा. तुमच्या मुख्यालयाने ४१,२०८ सभासदांची यादी पाठवली. ती साफ करायला नऊ दिवस लागले. दुबार नोंदी काढल्या, वारलेल्यांच्या काढल्या. तुझ्या शाखेतल्या ३४७ नोंदींमध्ये तर राहण्याचा पत्ता म्हणून चक्क वाचनालयाचाच पत्ता आहे. कुणीतरी लिहिताना आळस केला असणार. वाचनालयात कोणी राहत नाही, म्हणून त्याही काढल्या. त्या चुकांपाशी तुझं नाव लिहिलेलं नाही.

मला तीन गोष्टी हव्या आहेत: रोज किती लोक येतात, कुठून येतात, चालत किती मिनिटं लागतात. अंदाज चालणार नाही. मोजून कळव.

शाळेच्या सुट्टीत तू मला पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवायला बसवायचीस. जरा वाकडा लागला की उकलून पुन्हा. त्याचा उपयोग होतो आहे. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

प्रिय फूटपट्टी,

आशीर्वाद पोटभर. तुझं पत्र आमच्या शिपाईमामांनी "सरकारी दिसतंय हो बाई" म्हणून दोन्ही हातांवर धरून आणलं. आत बघते तर माझीच भाची, आणि परीक्षेचा पेपर! तीन प्रश्न, सर्व सोडवणे आवश्यक.

घे उत्तरं. शिपाईमामांनी आठवडाभर दाराशी बसून खडूने रेघा मारल्या आहेत. रोजचे सरासरी दोनशे बावन्न. येतात चारी दिशांनी. मिनिटांचं म्हणशील तर माणसागणिक वेगळी. वर्तमानपत्रवाले आजोबा समोरच्याच इमारतीत राहतात, त्यांना पाऊण तास लागतो, कारण वाटेत भेटेल त्याचं गाऱ्हाणं ऐकूनच ते पुढे सरकतात. त्यांचा ठिपका कुठे टाकशील?

दादा आणि वहिनी बरे आहेत ना? दादाला म्हणावं, तुझी लेक आता माझ्या शहराचं भविष्य ठरवते, तेव्हा बहिणीशी जपून वाग.

यादीचं म्हणशील तर लिहिताना चुका होतात, वयही झालं. साफ केलीस, बरं केलंस.

आणि हो, नकाशावर कालव्यापलीकडे काय दिसतं गं? सहज विचारते.

तुझी आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्या,

आकडे मिळाले. शिपाईमामांना माझे आभार सांग. खडूच्या रेघांचा फोटो मी अहवालाला जोडणार आहे.

तू सहज असं काही विचारत नाहीस. तरी विचारलंस म्हणून सांगते. कालव्यापलीकडे हवाई छायाचित्रात दिसणाऱ्या छपरांवरून अंदाजे अकरा हजार लोक राहतात. त्यात सभासद शून्य. रस्त्याचा पूल अडीच किलोमीटर दूर असल्यामुळे तो भाग रंगाबाहेर आहे, पण ठिपकाच नाही म्हणजे मागणी नाही. म्हणून तिथली शाखा सर्वांत शेवटी धरली आहे, अठराव्या वर्षी. पहिल्या टप्प्यातली शाखा बाह्यवळण रस्त्यावरच्या नव्या उंच इमारतींपाशी जाईल. तिथे ठिपके दाट आहेत.

मसुदा २८ मार्चला समितीपुढे जाईल.

भाची


२५ फेब्रुवारी

फूटपट्टी,

अठरावं वर्ष वाचलं आणि चहाचा पेला हातातच राहिला. आता ऐक, आणि मी संपवेपर्यंत मनातल्या मनातही मधे बोलू नकोस.

त्या तीनशे सत्तेचाळीस नोंदी आळसाच्या नाहीत. त्या मी माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत, एकोणीस वर्षांत एकेक करून लिहिल्या आहेत. ती सगळी माणसं कालव्यापलीकडची.

तिकडच्या घरांना क्रमांक नाहीत. क्रमांक नाही म्हणून राहण्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून सभासदत्व नाही. नियमच तसा आहे. पहिली आली ती इस्त्रीवाली. तिशीची असेल तेव्हा. काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "बाई, पुस्तक घरी न्यायचं तर घर पाहिजे म्हणतात इथले. घर आहे हो. त्याला नंबर नाही, एवढंच." मी अर्ज भरायला घेतला. पत्त्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. समोर भिंतीवर आमचीच पाटी होती. तो पत्ता उतरवला आणि शिक्का मारला. पुढच्या आठवड्यात तिने भावजयीला आणलं. भावजयीने शेजारच्या वेल्डरला. अशी ती माळ लागली. एकोणीस वर्षांत या लोकांकडून पुस्तकं हरवली चार, त्यातलं एक माझ्याच टेबलाखाली निघालं.

आणि ते अडीच किलोमीटरवरच्या पुलाने येत नाहीत. कालव्यावरून पाण्याचा मोठा नळ जातो ना, त्याच्या अंगाला दुरुस्तीवाल्यांसाठी लोखंडी पायवाट आहे. तिच्यावरून येतात, पुस्तकं पोटाशी धरून. हे तुझ्या छायाचित्रात दिसत नसणार. उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच होतं, बयो.

तुझ्या पहिल्याच पत्रावर मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. जूनमध्ये निवृत्त होते आहे. एकतीस वर्षांच्या सेवापुस्तकात एकही काळी रेघ नाही, त्याचा मोह झाला. पण जास्त भ्यायले ते त्यांच्या कार्डांसाठी. मुख्यालयाला कळलं तर तीनशे सत्तेचाळीस कार्डं एका सहीत रद्द होतील. नाही कळलं तर अठरा वर्षं शाखा नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

तू शिकलेली आहेस. ते ठिपके गुपचूप नाही का टाकता येणार?

आत्या


३ मार्च

ती. आत्या,

पत्र दोनदा वाचलं.

आधी माझी चूक. ३४७ हा आळसाचा आकडा नाही. आळसाने दहा नोंदी बिघडतात, वीस बिघडतात. एकोणीस वर्षं, दर महिन्याला एक किंवा दोन, अशी सारख्या गतीने कोणी चुकत नाही. ते काम असतं. नोंदींच्या तारखांत ते स्पष्ट दिसत होतं. मी तारखा पाहिल्या नाहीत. शिवाय तुझ्याकडे घालवलेल्या सुट्ट्यांमध्ये मी या लोकांच्या शेजारी बसून वाचलं आहे. हे लोक कुठून येतात, हा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. कुठून आला हे सांगता येत नाही असा ठिपका मी टाकणार नाही. समितीतला कोणीही एका प्रश्नात तो पुसून टाकेल, आणि मग बाकीच्या चाळीस हजारांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. टाकायचे तर सगळं सांगून टाकायचे. पण त्या नोंदी चुकीच्या होत्या, हे वाक्यही मी आता लिहू शकत नाही. ते आजच खोडलं. तिथे सध्या रिकामी ओळ आहे. ती २८ तारखेपर्यंत भरावी लागेल.

सांगायचं की नाही हे मी ठरवू नये. तूही ठरवू नयेस. कार्डं त्यांची आहेत. त्यांना विचार.

हे कोरडं वाटेल. मी रागावलेली नाही. तू हे मला सांगितलंस, याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून लिहीत नाही.

भाची


१४ मार्च

फूटपट्टी,

पहिले दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझं पत्र कपाटात मागच्या फळीवर, कोणी मागत नाही अशा पुस्तकांत नेऊन खोचलं. म्हटलं, आपणच हात दाखवून अवलक्षण केलं. तिसऱ्या दिवशी काढून पुन्हा वाचलं. "कार्डं त्यांची आहेत." एकोणीस वर्षांत हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आपली त्यांना पदराखाली घेऊन बसले होते.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता वाचन कक्षात सगळ्यांना बोलावलं. नव्वदेक जण आले. मी उभी राहून सगळं सांगितलं. मग वेल्डर म्हणाला, "म्हणजे सरकारदरबारी आम्ही इतकी वर्षं इथेच राहतो?"

"हो."

"मग आमच्या गाद्या कुठायत, बाई?"

जो काही हशा पिकला! शिपाईमामा 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवत होते आणि स्वतःच हसत होते.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "कार्ड गेलं तर?" इस्त्रीवाली म्हणाली, "गेलं तर इथे बसून वाचू. बसायला कुठे पुरावा लागतो?" मग माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही झाकून किती दिवस झाकाल? जूनमध्ये तुम्ही घरी. तुमच्या जागी नवीन बाई येतील आणि तुमच्या भाचीसारखंच सगळं साफ करून टाकतील, तेव्हा आम्ही कुणाकडे बघायचं?"

 मुख्यालयाला कळवायचं म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. चार सोडून सगळे वर. त्या चौघांशी अर्धा तास बोलले. तिघांनी केले. चौथा म्हणाला, "मला पटलेलं नाही, पण तुमच्यामुळे माझी पोरगी वाचायला लागली. लिहा माझं नाव." त्या दिवशी न आलेल्यांकडे रविवारी दोघं-दोघं घरी जाऊन विचारून आले. जे भेटले त्यांतलं 'नको' कोणी म्हणालं नाही.

सोमवारी सकाळी मी स्वतः मुख्यालयाला लेखी कळवलं. दुपारीच फोन. चौकशी होईपर्यंत सगळी कार्डं बंद. तेव्हापासून संध्याकाळी आमच्याकडे बसायला जागा नसते. लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसून वाचतात आणि जाताना पानाचा आकडा मला सांगून जातात, कारण पुस्तक घरी नेता येत नाही. मी चिठ्ठीवर लिहून ठेवते.

माझ्याकडे एक लांबट वही आहे. कोण खरं कुठे राहतं ते त्यात आहे. म्हणजे असं: "टाकीमागे तिसरी ओळ, निळं दार. कुत्रं भुंकतं, चावत नाही." तुझ्या यंत्राला यातलं काही कळायचं नाही. तूच ये.

आत्या


३० मार्च

ती. आत्या,

तुझ्या दारातून निघून नऊ दिवस झाले. समितीचं काय झालं ते तुला मुख्यालयाकडून कळलं असेलच, पण मला ते क्रमाने लिहायचं आहे.

आपण दोघी तीन दिवस फिरलो. वहीतल्या ३४७ पैकी ३१८ घरं सापडली. बाकीचे लोक दुसरीकडे गेले आहेत. टाकीपासून तुझ्या शाखेपर्यंत, नळावरच्या पायवाटेने, माझ्या चालीने चौतीस मिनिटं. तुझ्याबरोबर एक तास दहा, कारण तूही त्या आजोबांसारखीच आहेस. पायवाटेला कठडा एकाच बाजूला आहे. इस्त्रीवाल्या ताई माझ्यापुढे चालत होत्या आणि मागे न बघता "इथे फळी हलते", "इथे वाका" असं सांगत होत्या. मी उंचीला घाबरते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

समितीत मी सुरुवातीलाच सांगितलं, की आधीच्या मसुद्यात चौदाव्या पानावर चूक होती आणि ती माझी आहे. ३४७ सभासद मी न विचारता काढून टाकले होते. मग ३१८ ठिपक्यांचा नकाशा लावला. पडद्यावर कालव्यापलीकडचा कोरा भाग भरला, तेव्हा कोणीतरी मागे "अरे बापरे" म्हणालं. एका सदस्याने विचारलं, "त्या ग्रंथपालबाई तुमच्या नात्यातल्या ना?"

"हो. सख्खी आत्या. दुसऱ्या पानावर लिहिलं आहे."

"मग हे सगळं तुम्ही घरच्या घरी जुळवलं असेल."

मी तुझ्या वहीतलं कोणतंही पान उघडा म्हटलं, आणि कोणतंही घर निवडा, आज संध्याकाळी जाऊन दार वाजवू. त्यांनी खरंच एक निवडलं. मी, ते आणि तुमच्या मुख्यालयाचे साहेब गेलो. निळं दार. कुत्रं भुंकलं, चावलं नाही. आत एक आजी होत्या. त्यांनी त्या सदस्यांना विचारलं, "कार्ड चालू झालं का? माझं पुस्तक एकशे बाराव्या पानावर अडकलंय." दुसऱ्या दिवशी त्या सदस्यांनीच ठराव मांडला.

कालव्यापलीकडची शाखा पहिल्या टप्प्यात आली. तिसऱ्या वर्षी, बंद पडलेल्या पंपघराच्या जागेवर. कार्डं कालपासून चालू झाली. पुराव्याच्या नियमाचा फेरविचार होईपर्यंत ती रद्द करता येणार नाहीत, असं लेखी आहे.

तुला ताकीद मिळाली, हे मला आवडलेलं नाही. मुख्यालयाचे साहेब म्हणाले, नियम मोडला हे कागदावर यावंच लागेल. त्यांचं चूक नाही. तरी आवडलेलं नाही.

तीन दिवसांत मला सव्वीस घरांत चहा विचारला. मी सात ठिकाणी घेतला. उरलेल्या एकोणीस घरांत "नको" म्हणाले, ते आता बोचतं.

भाची


ता. क. ताकिदीचं पत्र तू पाकिटातून काढून वाचन कक्षात सूचनाफलकावर लावलंस, असं शिपाईमामांनी कळवलं आहे. कृपा करून काढ.


१२ एप्रिल

बाईंच्या भाचीला नमस्कार.

मी इस्त्रीवाली. पत्र लिहायची सवय नाही, बाईंनी शुद्धलेखन तपासून देते म्हटलं, मी म्हटलं नको, माझं मलाच लिहू दे.

आधी आभार. तुम्ही आलात, दारोदार फिरलात, त्या पायवाटेवर तुमचा चेहरा पांढरा पडला होता तरी परत फिरला नाहीत. आणि मोठ्या लोकांसमोर चूक माझी म्हणालात. आमच्याकडे एवढ्या वर्षांत मोजायला खूप लोक आले. कुणी म्हटलं नव्हतं की माझं चुकलं.

पत्र्याची टाकी आहे तिथे आम्ही आता आठवड्यातून एकदा बसतो. वेल्डरची पोरगी मोठ्याने वाचते. तुमचा आराखडा पण वाचला, सगळा. बाईंनी फलकावर लावलाय, ताकीदीच्या शेजारी. ते ताकीदीचं पत्र काही बाई काढत नाहीत. तुम्ही सांगून पाहिलंत ना? आम्हीही पाहिलं.

आता राग मानू नका. पान एकतीस. नव्या शाखेची वेळ दहा ते पाच, रविवारी बंद. हे कोणी ठरवलं? दहा ते पाच आमच्या वस्तीत कुत्री आणि म्हातारी माणसं सोडून कोण असतं? माझे कपडे सहाला संपतात. वेल्डर साडेसहाला येतो. मोकळे असतो ते फक्त रविवारी. म्हणजे आम्ही कामावर असताना वाचनालय उघडणार आणि आम्ही आलो की मिटणार. मग त्यापेक्षा बाईंचं वाचनालय बरं, चालावं लागतं पण आठपर्यंत दार उघडं असतं.

दारं मोजलीत तशी जरा वेळही मोजा. आणि बाक भिंतीला टेकून ठेवा, दिवसभर उभं राहून पाठ धरते.

तुमचं भलं होवो. बाईंना जूनमध्ये निरोप द्यायचा आहे, त्याला या. चहा नको म्हणालात तर मात्र ऐकणार नाही.

इस्त्रीवाली


१९ एप्रिल

ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. साहेबांना वाचून दाखवलं आणि मग त्यांच्याकडून परत मागून घेतलं.

पान एकतीस चुकलं आहे. दहा ते पाच ही वेळ आजवरच्या सगळ्या आराखड्यांत असते, म्हणून मी ती न बघता उतरवली. दुसऱ्यांदा मी तेच केलं: लिहिलेलं होतं म्हणून खरं धरलं. दुरुस्ती अशी सुचवली आहे: सोमवारखेरीज रोज दुपारी एक ते रात्री नऊ, रविवारी सकाळी आठपासून. बाक भिंतीला. समितीची बैठक २ मेला आहे. त्यांनी नाही म्हटलं तर का म्हटलं ते तुम्हाला लेखी कळवीन.

निरोपाला येते. चहा घेईन.

एक विचारायचं आहे. आराखड्याच्या शेवटच्या पानावर माहिती कुणाकडून मिळाली त्याची यादी असते. तिथे आतापर्यंत खात्यांचीच नावं आहेत: मोजणी, पाणीपुरवठा, मुख्यालय. या आराखड्यात मला सर्वांत खरी माहिती ज्यांच्याकडून मिळाली, त्यांचं नाव त्या यादीत नाही. तुम्हा सगळ्यांना काय म्हणायचं ते मी चार दिवस शोधते आहे. 'रहिवासी' लिहिलं, खोडलं. 'लाभार्थी' लिहिलं, आणि लगेच खोडलं. आभार मानायचे आहेत आणि ते नीट मानायचे आहेत.

या आठवड्यात टाकीपाशी बसाल तेव्हा सगळ्यांना विचारून कळवाल का? तुम्ही सांगाल तेच छापेन, तुमच्याच शब्दांत. वरून पहिल्या ओळीची जागा मोकळी ठेवली आहे.

बाईंची भाची